हाताशी लोखंड नव्हतं

४ ऑक्टोबर १९५४, सोमवार. स्कार्विक

नवी वही, नवं गाव. पहिल्या पानावर नाव घालायची माझी सवय आहे, तेव्हा: लेस्ली हेप्टन, वय अठ्ठावीस, विद्यापीठाचा शब्दसंग्राहक. म्हणजे काय, तर म्हाताऱ्या माणसांसमोर बसून 'याला तुम्ही काय म्हणता?' असं विचारत फिरायचं. हजारावर प्रश्न आहेत, गाईच्या सडांपासून दाराच्या कडीपर्यंत. नियम एकच, पण कडक: शब्द आपण उच्चारायचा नाही. चित्र दाखवा, खुणा करा, वाटलं तर नाचा, पण शब्द त्यांच्या तोंडून यायला हवा. आपण बोललो की शब्द बाटला.

निघताना इंगल्बीसर म्हणाले, "हेप्टन, मागच्या गावाच्या वहीत तुझे नऊ रकाने कोरे होते. या खेपेला एक जरी कोरा राहिला तर जानेवारीपासून दुसरीकडे बघ." बघ म्हणे! कुठे बघू? मला येतं काय दुसरं?

गाव म्हणजे कड्याला चिकटलेली साठ-सत्तर घरं, खाली समुद्र, मासळीचा वास. उतरलोय मिसेस डॅन्बींकडे. बाई विधवा, जिभेने तिखट, हाताला चव. चहाबरोबर हॅमचे जाड काप वाढले. मी सहज म्हणालो, "वा! घरच्याच पिगचं का हो?"

बाईंनी किटली खाली ठेवली आणि शेगडीचा लोखंडी कठडा घट्ट धरला. "मास्तर, या घरात ते नाव नको."

"अहो, पण बशीत तर तेच आहे!"

"बशीत असू दे. तोंडात नको."

"तोंडातच तर घालतोय!"

मला वाटलं हसतील. नाही हसल्या. तरी हॅम मी सगळं संपवलं.

६ ऑक्टोबर, बुधवार

माझं माणूस मिळालं! हेस्टरआजी, वय एकाहत्तर, दात सगळे स्वतःचे (शब्दांच्या धंद्यात दात फार महत्त्वाचे). नवरा आणि दोन मुलगे समुद्राने नेले. उरलाय एकटा रूबेन, चौतीस वर्षांचा, लग्न न झालेला, सहा फुटी, मिश्कील. आईची भीती वाटते असं उघड सांगणारा मी पाहिलेला हा पहिलाच नाखवा.

आजी दिवसभर स्वयंपाकघरात बसून लांब दोरीच्या गळांना आमिष लावते. एका हाताने शिंपले सोलायचे, दुसऱ्या हाताने गळाला मांस टोचायचं. चौदाशे गळ रोज. माझ्याशी बोलताना एकदाही हाताकडे बघत नाही.

पहिले शंभर प्रश्न झाले आणि एकही रकाना कोरा नाही. मग पाळीव जनावरं आली. घोडा, गाय, मेंढी, सगळं टकाटक. मी डुकराचं चित्र पुढे केलं.

तिने सुरी मुठीत घट्ट धरली. "हे ते गृहस्थ."

"आजी, गृहस्थ म्हणजे?"

"गृहस्थ म्हणजे गृहस्थ. चिखलात लोळणारे."

"पण त्यांचं नाव?"

"मास्तर, रूबेन पाण्यावर आहे," ती म्हणाली. पुढचं चित्र बदकाचं होतं. ते तिने दोन शब्दांत उडवलं.

घरी येऊन वहीत लिहिलं: ११७वा प्रश्न, कोरा.

१० ऑक्टोबर, रविवार

चॅपलला गेलो. देवभक्तीपेक्षा धंद्याची भक्ती जास्त. उपदेश ऐकताना मी नेहमी उच्चार टिपतो. उपासना संपल्यावर वेदीवरचं मोठं बायबल चाळलं, तर एका ठिकाणी दोन पानं एकमेकांना चिकटवलेली. खळीने, नीट, कडेपर्यंत. आतला मजकूर मला पाठ आहे: भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि कळप कड्यावरून समुद्रात उडी घेतो, तो भाग.

मी मिसेस डॅन्बींना विचारलं, "हे कोणी चिकटवलं?"

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहे."

"आणि तुम्ही कधी सोडवून वाचलं नाही?"

"कशाला वाचायचं? आत काय आहे ते सगळ्यांना माहितीये."

काय सुंदर लोक आहेत! यांच्यावर मी एक निबंध लिहिणार.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सरांचं पत्र आलं. ११७ विषयी मी रडगाणं गायलं होतं, त्याचं उत्तर. दया नाहीच, उलट भूक वाढलेली:

'हेप्टन, हा शब्द सोडू नकोस. त्याची जन्मकथा कुणालाच ठाऊक नाही. जुन्या पोथ्यांत डुकराला सगळीकडे स्वाइन आहे, आणि त्याची भावंडं शेजारच्या भाषांतही आहेत. पिग मात्र जवळजवळ नाहीच. ओकच्या फळाला एके ठिकाणी पिगची भाकर म्हटलंय, त्या जोडशब्दाच्या पोटात तो लपून बसलेला सापडतो, बस्स. मग काही शतकांनी एकदम वर येतो, आधी फक्त पिल्लासाठी, आणि हळूहळू थोरल्याला बाजूला सारून घर बळकावतो. किनाऱ्यावरचा जुना उच्चार मिळाला तर फार मोठी गोष्ट होईल.'

पत्र वाचून मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. मला एक कल्पना सुचली आहे, आणि ती कुणी आधी मांडली असेल तर मी टोपी खाईन. समजा, फार पूर्वी स्वाइन हे नाव घ्यायला लोक भीत होते. मग त्यांनी झाकण म्हणून लाडाचं, पिल्लाचं नाव वापरलं: पिग. वापरून वापरून झाकणच भांडं झालं. मग त्यालाही झाकण लागलं: गृहस्थ. झाकणावर झाकण!

संध्याकाळी गुत्त्यात हे मी रूबेनला ऐकवलं. बोलण्याच्या भरात तो शब्द मोठ्याने म्हणून गेलो. तिथे चौदा माणसं होती. सगळ्यांचे हात खाली गेले: कुणी बुटाच्या खिळ्यांवर, कुणी बाकाच्या लोखंडी पायावर. गप्पा थांबल्या नाहीत, कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रूबेननेही पट्ट्याचं बक्कल धरलं होतं.

"काय नाखवा, तूही मानतोस?"

"छे हो मास्तर, आम्ही काही मानत नाही. फक्त हात लावतो."

"आणि नाही लावला तर?"

"ते कुणी करून बघितलं नाही," तो हसत म्हणाला आणि मला एक बिअर पाजली.

मग त्याच्या घरी गेलो; झाकणांची गंमत त्याने आईला सांगितली, तर निघताना आजी म्हणाली, "मास्तर, झाकण ठेवतात ते आत काहीतरी असतं म्हणूनच ना?" शिकलेली नाही, पण तल्लख बाई.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

मिळाला! मिळाला, मिळाला! आणि रेकॉर्डवर मिळाला!

शांतपणे लिहितो. गेले दोन दिवस मी आजीच्या माहेराबद्दल चौकशी करत होतो. ती मूळची किनाऱ्यावरची नाहीच. आत डोंगरात, माळावरच्या शेतावर वाढलेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. म्हणजे तो शब्द तिच्या तोंडात लहानपणी रोज असणार. बावन्न वर्षं तिने तो गिळून ठेवलाय. मी म्हटलं, हेच दार.

सकाळी आवाज टिपायचं यंत्र घेऊन गेलो. चाळीस पौंडांचं धूड. दिव्याचा बल्ब काढून त्या जागी वायर जोडली. आधी चाचणी घेतली तर नुसता खणखणाट: सुरीचा, शेगडीच्या चिमट्यांचा, किटलीच्या झाकणाचा. मी आजीची सुरी बाजूला ठेवायला लावली. चिमटे, सळई, तवा, सगळं अंगणात नेऊन ठेवलं. शेगडीची कुरकुर येते म्हणून तिला पलीकडे खिडकीशी लाकडी खुर्चीत बसवलं. अंगठीसुद्धा खुर्चीच्या हातावर वाजत होती, ती काढायला लावली; ती तर चांदीची निघाली. आवाज एकदम स्वच्छ झाला. या कामात माझा हात धरणारा विभागात कुणी नाही.

"हात रिकामे म्हणजे चोरासारखं वाटतं बाई," ती म्हणाली.

"पाचच मिनिटं, आजी. तुमच्या बाबांच्या शेताबद्दल सांगा."

आणि ती सुटली. बाबा, बर्फ, चिमण्या, आणि मग बेट्सी. बेट्सी तिने बाटलीने दूध पाजून वाढवली होती, ती तिच्या मागे शाळेपर्यंत यायची. आजीने हाक मारून दाखवली: गिस, गिस, गिस! म्हातारी आठ वर्षांची झाली होती हो. गाल लाल, डोळ्यांत पाणी. मी मध्येच म्हणालो, "पण इतकी काय मोठी होती ती?" ती तावातावाने म्हणाली, "मोठी? अख्ख्या माळावर तसलं पिग नव्हतं!"

सव्वादहा वाजले होते. वेळ मी फितीच्या डबीवर लिहिली.

आनंदाच्या भरात माझं नीट लक्ष नव्हतं. मी यंत्राच्या सुयांकडे बघत होतो. वर पाहिलं तर ती खुर्चीच्या हातावर, खाली, मागे, बोटांनी चाचपत होती. मग उठून अंगणात धावली आणि तवा छातीशी धरून उभी राहिली.

बाहेर धुकं उतरलं होतं. हे धुकं इथे कधीही येतं, सांगून येत नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

रूबेन काल दुपारी दोनला यायचा, तो रात्री आला. धुक्यात दोरी ओढताना गळ उजव्या हातात घुसला, दोन बोटं फाटली. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणतो. मी विचारलं किती वाजता, तर म्हणाला, "दहाच्या पुढे. का हो?" मी म्हटलं सहज.

डॉक्टरने टाके घातले. महिनाभर पाण्यावर जायचं नाही. माझाही जीव भांड्यात पडला, कारण रूबेन मला खरोखर आवडतो. गळ बोटात घुसणं हे मासेमाराला काही नवलाचं नाही, असं मी इथे लिहून ठेवतो.

१८ ऑक्टोबर, सोमवार

आजीने निरोप पाठवून बोलावलं. चहा नाही, केक नाही. समोर बसवलं.

"ते यंत्र. त्याच्यात माझा आवाज आहे?"

"आहे ना."

"आणि तू चाक फिरवलंस की मी परत बोलते?"

"हो. हवं तितक्यांदा!" मी कौतुकाने म्हणालो. मूर्ख.

तिने डोळे मिटले. "मी एकदा बोलले ते माझं चुकलं. त्याला मी काय ते बघून घेईन. पण तिथे मी बसलेय, हातात काही नाही, आणि सारखी बोलतेय. पूस ते, बाळा."

बाळा म्हणाली. इतके दिवस मास्तर होतो.

"पुसतो, आजी."

"कधी?"

मी गडबडलो. "पुसलंच आहे," असं तोंडातून गेलं.

तिने शेगडीतली सळई काढून माझ्या हातात दिली. "हे धरून सांग."

सळई गरम होती. मी धरली आणि सांगितलं. आता यात माझं काय चुकलं? तिला समाधान मिळालं, रेकॉर्ड वाचली, कुणाचं काही बिघडलं नाही. ती माझा हात थोपटत म्हणाली, "बरं झालं. आता बोटं भरून आली की जाऊ देते त्याला. नाहीतर बांधून ठेवणार होते घरात."

२० ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर खोलीत बसून तो स्वर कागदावर उतरवला. नीट ऐकण्यासाठी अकरा वेळा फिरवला. ओठ किती गोल, जीभ किती मागे, सगळं ऐकू येतं. त्या शब्दानंतर (सारखा लिहायचा कंटाळा येतो, म्हणून 'तो शब्द' म्हणतो) जरा शांतता आहे आणि मग लाकडावर बोटांचा आवाज: टक, टक, टक-टक. ती लोखंड शोधत होती तो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सात वेळा टकटक होती. अकराव्यांदा मोजली तर पंधरा. फीत ताणली गेली असणार. ही नवी फीत फार हलकी येते, तक्रार करायला हवी.

खाली जेवायला गेलो तर मिसेस डॅन्बींनी मुलीला हाक दिली, "गृहस्थ आले गं, वाढ." आणि दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. चला, दोन आठवड्यांत मास्तरचा गृहस्थ झालो! गावात मान वाढला. रस्त्यातही मी दिसलो की माणसं थांबून फाटकावर, नांगरावर हात ठेवतात. सलामच म्हणायचा हा एक प्रकारचा. टिपून ठेवतो.

२३ ऑक्टोबर, शनिवार

निघालो. वही पूर्ण, एकही रकाना कोरा नाही. मिसेस डॅन्बींच्या पाहुण्यांच्या नोंदवहीत सही करायला गेलो, तर आल्या दिवशीचं माझं नाव शाईने खोडलेलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "डाग पडला होता."

आजी बसथांब्यापर्यंत चढून आली, एवढा चढ. तिने मला होडीचा एक जुना खिळा दिला, चौकोनी, गंजलेला. "खिशात ठेव. तुझ्याकडे काही नाही."

"मला कशाला हो?"

"आई आहे ना तुला?"

"आहे."

"मग ठेव."

रूबेनने डाव्या हाताने पेटी बसवर चढवली. "परत या हो," एवढंच म्हणाला. नाव घेतलं नाही, पण ते घाईत राहून गेलं असेल.

२ नोव्हेंबर, मंगळवार. लीड्स

आज सरांनी फीत ऐकली. मग परत ऐकली. मग उठून माझा हात धरला! "हेप्टन, बावन्न वर्षं न वापरलेला शब्द. हवाबंद डब्यात ठेवल्यासारखा!" नोकरी तीन वर्षांसाठी पक्की. चार प्रती काढायचा हुकूम झाला. इतर विद्यापीठांत जाणार, एक तर जहाजाने परदेशी. दहा तारखेला सकाळी मोठ्या दालनात व्याख्यान, मी बोलायचं, आणि नमुना म्हणून हेस्टरआजीचा आवाज.

आईला पत्र लिहिलं. तिला काय आनंद होईल!

एक बारीकशी गोष्ट. सर म्हणाले, "शेवटचं ते ठोकणं कापून टाक, फार लांबतं."

१० नोव्हेंबर, बुधवार

व्याख्यान झालं. साठ माणसं. झाकणांची कल्पना सगळ्यांना पसंत पडली. सव्वादहाच्या सुमाराला फीत लावली. खिडकीबाहेर लख्ख ऊन, आणि आजीचा आवाज दालनभर: "मोठी? अख्ख्या माळावर..." लोक टाळ्या वाजवू लागले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, स्वर नीट कळला नाही, पुन्हा लावा. पुन्हा लावली. मग सरांनी स्वतः तिसऱ्यांदा लावली, केवळ हौसेने.

टाळ्या थांबल्या तेव्हा लक्षात आलं की माझा डावा हात भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या लोखंडी नळावर आहे. कधी ठेवला आठवत नाही. तळवा भाजून निघालाय, डाव्या हातावर पट्टी बांधून लिहितोय. खिळा घरी टेबलावर होता, कागदांवर वजन म्हणून ठेवलेला.

१५ नोव्हेंबर, सोमवार

पत्र आलं. पाकिटावर विद्यापीठाचा पत्ता बरोबर, पण नावाच्या जागी 'वह्यावाल्या गृहस्थास' एवढंच. शिपायाने बरोबर माझ्याकडे आणलं. कसं कळलं विचारलं, तर तो खिशातली किल्ली चाचपत म्हणाला, "तुम्हीच ना ते." अक्षर मिसेस डॅन्बींचं. उतरवून ठेवतो, कारण हे पत्र मी जवळ ठेवू शकणार नाही.

'हेस्टर सांगतेय तसं लिहितेय. रूबेन बुधवारी गेला. बोटं भरली होती, डॉक्टर हो म्हणाले होते. तरी मी त्याला सोडत नव्हते. तो म्हणाला, आई, त्यांनी पुसलंय, लोखंड धरून सांगितलंय, आता तरी जाऊ दे. मला ते पटलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी त्याला जाऊ दिलं.

समुद्र शांत होता. आरशासारखा. कड्यावरून सगळ्यांना होडी दिसत होती. मग दिसेना. लाट नाही, वारा नाही. होडी गुरुवारी उलटी मिळाली. तो अजून मिळाला नाही.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. मी बोलले नसते तर काहीच झालं नसतं. फक्त एक विचारायचं आहे. बुधवारी सकाळी दहा-सव्वादहाला मी स्वयंपाकघरात एकटी होते, सुरी हातात होती. तेव्हा खिडकीपाशी, त्या खुर्चीतून, मला माझाच आवाज ऐकू आला. तीन वेळा. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही पुसलंत ना? मग ते काय होतं?

खिळा जवळ ठेवा.'

१५ नोव्हेंबर, त्याच दिवशी

पत्र वाचून मी थेट यंत्रघरात गेलो. फीत लावली, पुसण्याची कळ दाबली आणि शेवटपर्यंत फिरवली. मग ऐकली. आवाज गेलाय. शब्द गेलाय. बेट्सी गेली, हाक गेली. टकटक राहिली आहे. मी अर्धा तास ऐकत उभा होतो आणि ती थांबली नाही.

प्रतींचं विचारलं. चारही गेल्या. जहाजाने जायची ती शनिवारीच चढवली. कुठल्या शहरात, कुठल्या दिवशी, किती वेळा लावतील हे कोण सांगणार? सरांना म्हटलं, सर, सगळ्या परत मागवा. ते म्हणाले, "वेड लागलं का तुला..." आणि पुढे नाव यायला हवं होतं, तिथे थांबले. आठवल्यासारखं केलं. आठवलं नाही. हात टेबलावरच्या कागद दाबायच्या लोखंडी वजनावर गेला त्यांचा.

१७ नोव्हेंबर, बुधवार

आईचं पत्र आलं. नेहमी 'प्रिय लेस्ली' असतं. आज 'प्रिय' आहे, पुढे जागा सोडली आहे, आणि मग एकदम मजकूर: नोकरी पक्की झाली, फार बरं वाटलं, गळपट्टा विणतेय. खाली लिहिलंय, 'का कोण जाणे, पण डाव्या हातात चुलीची सळई धरून लिहितेय. थंडी असेल.'

आजीला उत्तर लिहायला बसलो आहे. दोन तास झाले. खिळा मुठीत आहे, पट्टीतून रक्त येतंय. 'नाही पुसलं' एवढंच लिहायचं आहे, दोन शब्द. आणि खाली सही करायची आहे. वहीचं पहिलं पान उघडून बघितलं, तिथे मी नाव लिहिलं होतं. आता वाचता येत नाही, डाग पडला आहे.

रूबेनची धरून गावात आठ होड्या होत्या. सात उरल्या. त्या पाण्यावर कधी जातात, कधी येतात, हे मी कधी विचारलंच नाही. माझ्या हजार प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

सही राहिली. दोन शब्द लिहिले. पत्र टाकायला निघतो.